महामारीच्या काळात नियंत्रित औषधांची उपलब्धता : भारतातील अनुभव

या घटकात आपण अशा औषधांचा विचार करणार आहोत जी रुग्णाला अत्यंत गरजेची असतात आणि तरीही ती त्याच्यापर्यंत सहज पोहोचू नयेत अशी कायद्याने व्यवस्था केलेली असते. नेहमीच्या दिवसांत ही व्यवस्था कशीबशी चालते. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत देश बंद झाला, तेव्हा तिच्यातील ताण उघड झाले. हा घटक वाचल्यावर तुम्हाला नियंत्रित औषध म्हणजे काय, त्यावर नियंत्रण का असते, टाळेबंदीत नेमके काय अडले आणि कोणत्या सवलतींमुळे ते सुटले, हे सांगता आले पाहिजे. फार्मसी, वैद्यक, कायदा, समाजकार्य किंवा लोकप्रशासन यांपैकी काहीही तुम्ही शिकत असाल, तरी हा प्रश्न तुमच्या अभ्यासात कुठे ना कुठे येतोच.

१. एका उदाहरणापासून सुरुवात

समजा, एका गावात कर्करोगाचा एक रुग्ण आहे. आजार हाडांपर्यंत पसरला आहे. उपचाराने तो बरा होणार नाही, पण वेदना आटोक्यात ठेवता येतात. त्यासाठी त्याला मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला सहा वेळा घ्यावी लागते. ही गोळी गावात मिळत नाही, तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळत नाही. नव्वद किलोमीटरवरच्या शहरातील रुग्णालयातून त्याचा मुलगा दर पंधरवड्याला ती घेऊन येतो.

२० मार्च २०२० रोजी मुलाने चौदा दिवसांच्या ८४ गोळ्या आणल्या. पाच दिवसांनी, २५ मार्चपासून, देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. ती १४ एप्रिलपर्यंत होती. आता हिशेब करा. गोळ्या २ एप्रिलच्या रात्री संपतात. ३ एप्रिलच्या सकाळपासून १४ एप्रिलपर्यंत बारा दिवस उरतात. त्या बारा दिवसांच्या ७२ गोळ्या कोठून आणायच्या? एसटी बंद, रेल्वे बंद, जिल्ह्याच्या सीमेवर पोलिसांची नाकेबंदी. पुढे टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली, म्हणजे प्रश्न आणखी लांबला.

तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणजे ३ एप्रिलला दुपार होण्याआधीच या माणसाच्या वेदना परतलेल्या असणार. हे उदाहरण रचलेले आहे, पण त्यातील प्रत्येक अडचण खरी आहे. या घटकाच्या शेवटी आपण पुन्हा या घराकडे येऊ.

२. नियंत्रित औषध म्हणजे काय?

भारतात औषधांच्या विक्रीवर दोन वेगवेगळ्या कायद्यांचे लक्ष असते. विद्यार्थी अनेकदा या दोहोंची गल्लत करतात, म्हणून ते नीट वेगळे करून पाहू.

पहिला कायदा म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम. या नियमांत औषधांच्या अनुसूची आहेत, ज्यांना आपण बोलताना ‘शेड्यूल’ म्हणतो. शेड्यूल एच मधील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. शेड्यूल एच-१ मधील औषध विकताना दुकानदाराला चिठ्ठी देणारे डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिले याची स्वतंत्र वहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही अनुसूची मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात काही प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे आहेत, तशीच झोपेची व चिंता कमी करणारी अनेक औषधेही आहेत. शेड्यूल एक्स सर्वांत कडक आहे. यातील औषधासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवतो आणि औषध कुलुपात ठेवावे लागते. लक्ष केंद्रित न होण्याच्या विकारात, म्हणजे एडीएचडीमध्ये, दिले जाणारे मिथाइलफेनिडेट आणि भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामाइन ही या अनुसूचीतील ओळखीची नावे.

दुसरा कायदा म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. सर्वजण त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. वर्तमानपत्रात गांजा, हेरॉइन यांच्या बातम्यांत जो कायदा वाचता, तोच हा. या कायद्याचे कलम ८ अशा पदार्थांचे उत्पादन, बाळगणे, विक्री, वाहतूक या सर्वांवर बंदी घालते. मात्र त्याच कलमात एक महत्त्वाचा अपवाद आहे : वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी, नियमांनुसार केलेला वापर. आपला सगळा विषय या एका अपवादावर उभा आहे.

मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन हे या कायद्याच्या भाषेत गुंगीकारक द्रव्यांत मोडतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, फिनोबार्बिटोन, ब्युप्रेनॉर्फिन हे मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत येतात. २०१८ पासून ट्रामाडॉल हे वेदनाशामकही या दुसऱ्या गटात आहे. एकच औषध दोन्ही कायद्यांच्या कक्षेत असू शकते, हे लक्षात ठेवा.

घरात किती औषध ठेवता येते, यालाही मर्यादा आहे. मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांच्या बाबतीत एका व्यक्तीला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत साठा बाळगता येतो. दीर्घकालीन उपचार असतील आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहून दिले असेल, तर ३०० मात्रांपर्यंत. टाळेबंदीत दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम द्यायचे का, या चर्चेला ही चौकट होती.

३. नियंत्रण कशासाठी?

नियंत्रण म्हणजे निव्वळ सरकारी जाच, असा समज करून घेऊ नका. या औषधांपैकी बहुतेकांमुळे शरीराला सवय लागते. तोच परिणाम मिळण्यासाठी कालांतराने अधिक मात्रा लागू शकते. अफूजन्य औषधांची मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि माणूस दगावू शकतो. शिवाय या औषधांना वैद्यकीय वापराबाहेरही गिऱ्हाईक असते. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी औषधे दुकानातून नशेच्या बाजारात गेल्याचा अनुभव आपल्या देशाला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून अफूजन्य वेदनाशामके सैल हाताने लिहून दिली गेली आणि त्यातून व्यसनाचे व मृत्यूंचे मोठे संकट उभे राहिले.

प्रश्न भारतातही लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूजन्य पदार्थांच्या वापरातून उद्भवलेल्या समस्येसाठी मदतीची गरज होती. तेव्हा कुलूप असायलाच हवे. प्रश्न एवढाच की किल्ली कोणाकडे आणि ती गरजेच्या वेळी सापडते का.

४. कुलूप फार घट्ट झाले तर : मॉर्फिनची कथा

१९८५ चा कायदा आला तेव्हा त्यातील बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा होती. नोंदवहीतील चूक आणि तस्करी यांत भीतीच्या पातळीवर फारसा फरक उरला नाही. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर राज्याच्या वेगवेगळ्या खात्यांकडून अनेक परवाने घ्यावे लागत आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. परिणामी रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. अभ्यासकांच्या अंदाजानुसार कायद्यानंतरच्या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला होता. एवढ्या प्रचंड देशात, सगळ्या रुग्णांसाठी मिळून, वर्षाला १८ किलो!

यातील विसंगती पाहा. वैद्यकीय वापरासाठी अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकरी अफू पिकवतात, नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि ती परदेशांतही जाते. म्हणजे आडात होते, पण पोहऱ्यात येत नव्हते. या काळात दोन पिढ्यांतील डॉक्टर मॉर्फिन न वापरताच शिकून बाहेर पडले. ही सर्वांत खोल हानी होती, कारण नियम बदलता येतो, पण डॉक्टरच्या मनातील भीती आणि सवय लगेच बदलत नाही.

केरळमध्ये मात्र वेगळे घडले. कालिकत येथे १९९० च्या दशकात सुरू झालेल्या उपशामक सेवेच्या कामातून, डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन घरच्या रुग्णांपर्यंत सुरक्षितपणे पोहोचवता येते हे दाखवून दिले. बरा न होणाऱ्या आजारात वेदना, धाप, भीती आणि कुटुंबाची फरफट कमी करणाऱ्या सेवेला उपशामक सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. केरळने २००८ मध्ये या सेवेचे राज्य धोरण जाहीर केले.

दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली. ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा नवा गट तयार झाला आणि २०१५ मध्ये त्यात सहा औषधे अधिसूचित झाली : मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन. अनेक परवान्यांऐवजी रुग्णालयाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ असा एकच दर्जा घ्यायचा, अशी पद्धत आली.

नियम सुटसुटीत झाला, तरी अशा संस्था देशभर सारख्या पसरल्या नाहीत. वेदनाशमनाबाबत ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार भारतातील गरजेच्या केवळ ४ टक्के इतकेच अफूजन्य वेदनाशामक रुग्णांपर्यंत पोहोचत होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती या पायावर. आपल्या उदाहरणातील मुलाला नव्वद किलोमीटर जावे लागत होते, त्याचे मूळ महामारीत नव्हते, ते या इतिहासात होते.

५. मार्च २०२० : बंद झालेली तीन दारे

औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी तीन दारे उघडी असावी लागतात. डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याचे दार, औषध विक्रेत्यापर्यंत पोहोचण्याचे दार आणि या दोघांमधील रस्ता.

रस्ता टाळेबंदीनेच बंद केला. औषध दुकाने अत्यावश्यक सेवेत असल्याने उघडी होती, परंतु गाड्या नसताना दूरच्या शहरात जाणे गरिबाला अशक्य होते. प्रवासाचा पास मिळे, पण तो मिळवण्यासाठी फोन, कागदपत्रे आणि पोलिसाला समजावून सांगण्याची हिंमत लागे. ‘मॉर्फिन आणायला चाललो आहे’ हे वाक्य नाक्यावर उच्चारून पाहा, म्हणजे अडचण कळेल.

डॉक्टरांचे दार उघडण्यासाठी सरकारने चपळाई दाखवली. २५ मार्च २०२० रोजीच टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना जाहीर झाल्या. फोन किंवा व्हिडिओवरून तपासून चिठ्ठी देण्याला स्पष्ट मान्यता मिळाली. या सूचनांमध्ये औषधांच्या याद्या आहेत. ‘ओ’ यादीतील साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. ‘ए’ यादीतील औषधे पहिल्या भेटीत, पण व्हिडिओवर रुग्णाला पाहूनच देता येतात. ‘बी’ यादीतील औषधे आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला पुढच्या भेटीत देता येतात. आणि चौथी यादी निषिद्ध औषधांची. शेड्यूल एक्स मधील औषधे आणि एनडीपीएस कायद्यातील गुंगीकारक व मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे या निषिद्ध यादीत गेली.

दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, औषधे घरपोच देण्याची परवानगी देणारी अधिसूचना निघाली. ई-मेलवर आलेली चिठ्ठीही चालेल, दुकानदाराने आपल्याच महसुली जिल्ह्यात औषध पोहोचवावे, दीर्घ आजाराची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतील असावी, अशा तिच्या अटी होत्या. मात्र तिच्यातूनही एनडीपीएस कायद्याखालील औषधे आणि शेड्यूल एच-१ व एक्स वगळलेली होती.

आता या दोन आदेशांकडे एकत्र पाहा. मधुमेहाच्या रुग्णाला घरी बसून डॉक्टर भेटले आणि औषधही घरी आले. कर्करोगाच्या वेदनेचा रुग्ण, अपस्माराचा म्हणजे फेफऱ्याचा रुग्ण, व्यसनमुक्तीचे उपचार घेणारा तरुण, एडीएचडीची औषधे घेणारा विद्यार्थी यांना मात्र दोन्ही ठिकाणी ‘तुम्ही सोडून’ असे उत्तर मिळाले. प्रत्येक आदेशातील अपवाद स्वतंत्रपणे पाहिला तर समजण्यासारखा आहे. फोनवरून अनोळखी माणसाला मॉर्फिन लिहून देऊ नये, हे कोणीही मान्य करील. पण असे सगळे शहाणे अपवाद एकाच रुग्णावर येऊन पडले की त्याच्यासाठी एकही मार्ग उरत नाही. सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासात हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा : नियम एकेकटा तपासून भागत नाही, एकाच माणसावर सगळे नियम मिळून काय करतात हे पाहावे लागते.

६. औषध अचानक थांबले तर

‘काही दिवस औषध नसले तर काय बिघडते?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. डोकेदुखीच्या गोळीबाबत तो योग्य आहे. इथे नाही.

फिनोबार्बिटोन किंवा क्लोबझाम घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाने औषध एकाएकी बंद केले तर झटके परततात. कधी ते न थांबता एकामागून एक येत राहतात आणि जीव जाऊ शकतो. दीर्घकाळ अल्प्राझोलामसारखी औषधे घेणाऱ्याला, पूर्वी कधी झटका आलेला नसला तरी, ती एकदम थांबवल्यावर झटका येऊ शकतो. म्हणूनच ही औषधे डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

अफूजन्य औषध थांबले की अंग मोडून येणे, उलट्या, जुलाब, घाम, झोप न लागणे, टोकाची अस्वस्थता सुरू होते. व्यसनमुक्तीच्या उपचारांवर असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. औषध न मिळाल्याने ती बाजारातील हेरॉइनकडे वळू शकते. मध्ये खंड पडल्यामुळे शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे पूर्वीइतकीच मात्रा आता जीवघेणी ठरते. सुई वाटून घेतली तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचा धोका पुन्हा दाराशी येतो. वर्षभर जपलेले उपचार आठवडाभरात विस्कटतात.

याच सुमारास रुग्णालयांतील मागणीही वाढत होती. कृत्रिम श्वासयंत्रावरील कोविड रुग्णांना शांत ठेवण्यासाठी फेंटॅनिल आणि मिडाझोलाम लागतात. ज्यांना वाचवणे शक्य नव्हते, त्यांची धाप आणि घुसमट कमी करण्यासाठी अल्प मात्रेतील मॉर्फिन उपयोगी पडते. म्हणजे नियंत्रित औषधे या साथीत कोपऱ्यातला विषय नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळ, संयुक्त राष्ट्रांचे अंमली पदार्थ व गुन्हे कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी एकत्र निवेदन काढून आणीबाणीत या औषधांचा पुरवठा खंडित होऊ देऊ नका, असे सर्व देशांना आवाहन केले.

७. काय बदलले आणि कसे

सर्वांत बोलके उदाहरण व्यसनमुक्ती उपचारांचे आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, सुईने नशा करणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनचे पर्यायी उपचार चालवते. जिभेखाली ठेवायची ही गोळी रुग्णाने रोज केंद्रात यायचे आणि परिचारिकेसमोर घ्यायची, अशी पद्धत होती. गोळी बाहेर विकली जाऊ नये, हा हेतू. साथीत मात्र रोज केंद्रावर गर्दी करणे हाच धोका झाला. तेव्हा उपचारांत स्थिरावलेल्या रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला परवानगी मिळाली. पंजाबमध्ये आधीपासून ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन यांची एकत्रित गोळी देणारी बाह्यरुग्ण केंद्रे होती. तेथे टाळेबंदीत दोन-तीन आठवड्यांची औषधे एकदम घरी देण्यात आली. नॅलोक्सोन मिसळण्यामागील युक्ती समजून घ्या. गोळी जिभेखाली विरघळवली तर नॅलोक्सोनचा फारसा परिणाम होत नाही, पण ती कुटून सुईने टोचली तर नॅलोक्सोन नशा होऊ देत नाही. म्हणजे काही प्रमाणात नियंत्रण औषधातच बसवता येते, मग पहारा थोडा सैल करता येतो.

दुसरा बदल टेलिमेडिसिनच्या यादीत झाला. अपस्मार आणि मानसिक आजारांच्या रुग्णांची कोंडी लक्षात आल्यावर क्लोबझाम, क्लोनाझेपाम आणि फिनोबार्बिटोन ही औषधे ‘ए’ यादीत घेण्यात आली. म्हणजे व्हिडिओवर रुग्णाला पाहून ती लिहून देता येऊ लागली. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने इतर संघटनांसह मे २०२० मध्ये दूरस्थ मानसोपचारासाठी सविस्तर कार्यपद्धतीही प्रसिद्ध केली. मॉर्फिन आणि शेड्यूल एक्स मात्र निषिद्ध यादीतच राहिले.

मग मॉर्फिनच्या रुग्णांचे काय? जिथे उपशामक सेवेचे जाळे आधीपासून होते, तिथे गृहभेटीची पथके पास काढून फिरत राहिली आणि नेहमीपेक्षा अधिक दिवसांचे औषध देण्यावर भर राहिला. केरळमध्ये अग्निशमन दलाच्या गाड्यांनी रुग्णांना जीवनावश्यक औषधे पोहोचवली. टपाल खात्यानेही देशभर औषधांची पार्सले नेली. जिथे असे जाळे नव्हते, तिथे परवानगी कागदावर असूनही उपयोग नव्हता, कारण देणारेच कोणी जवळ नव्हते.

अमेरिकेतील अनुभव तुलनेसाठी पाहू. तेथे मेथाडोनचे उपचार घेणाऱ्यांना जवळपास रोज केंद्रात जावे लागे. मार्च २०२० मध्ये स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचे आणि कमी स्थिर रुग्णांना १४ दिवसांपर्यंतचे औषध घरी न्यायला मुभा मिळाली. औषधांचा गैरवापर आणि मृत्यू वाढतील अशी भीती होती. नंतरच्या अभ्यासांत मात्र अतिमात्रेच्या एकूण मृत्यूंमध्ये मेथाडोनचा वाटा वाढल्याचे दिसले नाही. २०२४ मध्ये ही सवलत नियमांत कायम झाली. यावरून ‘सगळे नियम अनावश्यक होते’ असा निष्कर्ष काढू नका. निष्कर्ष एवढाच की एखादे बंधन किती आवश्यक आहे, हे ते सैल करून, मोजून पाहिल्याशिवाय कळत नाही. महामारीने ती संधी नकळत दिली.

८. संतुलनाचे तत्त्व

१९६१ च्या अंमली पदार्थांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेतच दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. वेदना व दुःख कमी करण्यासाठी या द्रव्यांचा वैद्यकीय वापर अपरिहार्य आहे, म्हणून ती उपलब्ध असावीत. आणि व्यसन हे व्यक्ती व समाज दोघांसाठी घातक आहे, म्हणून गैरवापर रोखावा. जागतिक आरोग्य संघटना यालाच संतुलनाचे तत्त्व म्हणते. भारतातील २०१४ ची दुरुस्तीही याच दिशेची आहे. आपल्याकडे दुसरे कर्तव्य पार पाडणाऱ्या यंत्रणा ठळक आहेत : पोलीस, तपास यंत्रणा, न्यायालये. पकडलेल्या मालाचे फोटो छापून येतात. पहिल्या कर्तव्यात चूक झाली तर तिचा फोटो निघत नाही. ती एखाद्या घराच्या आतल्या खोलीत, रात्रभर कण्हणाऱ्या माणसापुरती राहते.

पुढच्या आणीबाणीसाठी या अनुभवातून काही गोष्टी सुचतात. पहिली, सवलतींची तरतूद साथ येण्याआधीच नियमांत लिहून ठेवावी, म्हणजे आणीबाणी जाहीर होताच ती आपोआप लागू होईल. दुसरी, ‘नवा रुग्ण’ आणि ‘आधीपासून तपासलेला, स्थिर रुग्ण’ यांत फरक करावा. फोनवर अनोळखी माणसाला मॉर्फिन न देणे योग्यच, परंतु दोन वर्षे त्याच संस्थेत नोंद असलेल्या रुग्णाची मात्रा चालू ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिसरी, मान्यताप्राप्त संस्था प्रत्येक जिल्ह्यात असाव्यात, कारण अंतर नव्वद किलोमीटरऐवजी दहा असेल तर टाळेबंदीही तितकी बोचत नाही. चौथी, नाक्यावरच्या पोलिसापासून दुकानदारापर्यंत सर्वांना हे माहीत असावे की रुग्णाकडील मॉर्फिन हा गुन्ह्याचा मुद्देमाल नसून कायदेशीर औषध आहे.

९. तुमच्यासाठी

तुमच्या घरी कोणी अशी औषधे घेत असेल, तर काही सवयी आजच लावून घ्या. मूळ चिठ्ठी आणि रुग्णालयाचे नोंदणी कार्ड एकत्र ठेवा. औषध शेवटच्या पट्टीवर येण्याची वाट न पाहता किमान आठवडाभर आधी पुढचे आणा. आणीबाणीत किती दिवसांचे औषध लिहून मिळू शकेल, हे डॉक्टरांना आधीच विचारा. औषध कुलुपात ठेवा, इतर कोणाला देऊ नका आणि उरलेले परत करा. औषध तुटण्याची वेळ आली तर मनाने बंद करू नका, मात्रा कमी करून पुरवू नका, फोन करून डॉक्टरांना विचारा. मानसिक त्रासात आधार हवा असेल, तर केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

आता पुन्हा त्या घराकडे जाऊ. ७२ गोळ्यांचा तो हिशेब कशाने सुटला असता? २० मार्चला चौदा दिवसांऐवजी महिन्याचे औषध दिले असते तर. तालुक्याच्या रुग्णालयाला मान्यताप्राप्त संस्थेचा दर्जा असता तर. शहरातील डॉक्टरला फोनवरून जुन्या रुग्णाची मात्रा चालू ठेवता आली असती आणि गृहभेटीच्या पथकाने ती पोहोचवली असती तर. यांपैकी एकासाठीही नवे औषध शोधावे लागत नाही. औषध शंभराहून अधिक वर्षे जुने आहे, स्वस्त आहे आणि आपल्याच देशात पिकते.

सारांश

नियंत्रित औषधांवर १९४० चा औषध कायदा आणि १९८५ चा एनडीपीएस कायदा असे दुहेरी नियंत्रण आहे. गैरवापर रोखण्यासाठी ते आवश्यक आहे, परंतु अतिकडक नियमांमुळे भारतात मॉर्फिन जवळजवळ दिसेनासे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, तरी सेवा सर्वत्र पोहोचली नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरस्थ तपासणी आणि घरपोच औषध या दोन्ही सवलतींतून ही औषधे वगळली गेली. पुढे घरी नेण्याच्या मात्रा आणि यादीतील बदल यांमुळे काही रुग्णांची सोय झाली. जिथे सेवेचे जाळे आधीपासून होते, तिथेच सवलती खऱ्या अर्थाने उपयोगी पडल्या.

स्वाध्याय

१. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स यांतील फरक प्रत्येकी एका वाक्यात लिहा.

२. २५ आणि २६ मार्च २०२० च्या दोन आदेशांचा एकत्रित परिणाम अपस्माराच्या रुग्णावर काय झाला असेल, ते स्पष्ट करा.

३. ब्युप्रेनॉर्फिनमध्ये नॅलोक्सोन मिसळण्याचे कारण सांगा. यावरून ‘औषधातच बसवलेले नियंत्रण’ ही कल्पना समजावून द्या.

४. तुमच्या जिल्ह्यात तोंडाने घ्यायचे मॉर्फिन कोणत्या रुग्णालयात मिळते, याची चौकशी करा. तुमच्या घरापासून त्याचे अंतर लिहा आणि बस नसलेल्या दिवशी तेथे कसे पोहोचता येईल, यावर दहा ओळींची टिपणी तयार करा.